टॅन इन्व्हर्सला दिशा कळत नाही

परवा फोनवर तू रडकुंडीला येऊन म्हणालास, "आत्या, मुंबईहून पुण्याकडे बाण दाखवायचा होता, आणि तो अरबी समुद्रात घुसलाय." मी हसले, पण तुला नाही. चाळीस वर्षांपूर्वी मी याच पद्धतीने एक कालवा डोंगरावर चढवला होता.

तेव्हा मी नुकतीच सिव्हिलची पदवी घेऊन सर्वेच्या कामावर लागले होते. ट्रॅव्हर्सची आकडेमोड माझ्याकडे असायची. दोन खुंट्यांमधलं पूर्वेकडचं अंतर म्हणजे डिपार्चर, उत्तरेकडचं म्हणजे लॅटिट्यूड. एकाला दुसऱ्याने भागायचं, टॅन इन्व्हर्स काढायचा, की बेअरिंग तयार. मी काढलेलं बेअरिंग कागदावर मांडलं आणि कालवा नदीकडे पाठ करून निघाला. आमचे साहेब काही बोलले नाहीत. माझ्या कोनाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पेन्सिलने फक्त दोन रकान्यांतल्या अधिक-उण्याच्या चिन्हांना गोल केला आणि म्हणाले, "आधी चिन्हं बघायची, मग कोन काढायचा." मला मिळालेला कानमंत्र एवढाच. आज तू ब्राउझरमध्ये जे करतोस, त्यातलं निम्मं या एका वाक्यात बसतं. उरलेलं निम्मं मी स्वतः ठेचा खाऊन शिकले. ते आता सांगते.

तुझा समुद्रातला बाण घे. मुंबईपासून पुणं ढोबळमानाने १०३ किलोमीटर पूर्वेला आणि ६२ किलोमीटर दक्षिणेला. म्हणजे पूर्वेचा आकडा अधिक १०३, उत्तरेचा उणे ६२. भागाकार आला उणे १.६६, त्याचा टॅन इन्व्हर्स उणे ५९ अंश. उत्तरेपासून डावीकडे ५९ अंश म्हणजे वायव्य, आणि मुंबईच्या वायव्येला पाणीच आहे. खरं बेअरिंग १२१ अंश. आता पूर्वेचा आकडा उणे १०३ आणि उत्तरेचा अधिक ६२ घेऊन बघ. भागाकार तोच येतो, उणे १.६६. उणे वरचं होतं की खालचं, हे भागतानाच पुसलं गेलं. टॅन इन्व्हर्सच्या हातात एकच आकडा पडतो, तो बिचारा काय करणार? तो आपला उणे ९० ते अधिक ९० या अर्ध्या वर्तुळातलं उत्तर देतो आणि मोकळा होतो.

म्हणून अटॅन-टू. हा फोर्ट्रानच्या काळापासून आहे, जावास्क्रिप्टच्या मॅथमध्येही अटॅनच्या शेजारीच बसलेला असतो. तो भागाकार मागत नाही. दोन्ही आकडे आपापल्या चिन्हांसकट वेगवेगळे मागतो आणि पूर्ण वर्तुळातला कोन देतो, उणे पाय ते अधिक पाय. साहेबांची पेन्सिल त्याच्या पोटातच आहे म्हण ना.

पण त्याला आकडे कोणत्या क्रमाने द्यायचे, यावर मी भल्याभल्यांना अडखळताना पाहिलंय. सगळीकडे एक्स आधी आणि वाय नंतर, इथे मात्र वाय आधी. पाठांतर करू नकोस. त्यापेक्षा हे लक्षात ठेव: ज्या रेषेवर कोन शून्य, त्या रेषेवरचा आकडा दुसरा. गणिताच्या वहीत कोन उजवीकडच्या एक्स-अक्षापासून मोजतात, म्हणून एक्स दुसरा. होकायंत्रात शून्य उत्तरेला असतं, म्हणून उत्तर दुसरी आणि पूर्व पहिली. नकाशाच्या कोडमध्ये कुणी पूर्व आधी लिहिलेली दिसली की नवी पोरं 'बग सापडला' म्हणून ती उलटी करून टाकतात. तू करू नकोस. पुण्यासाठी पूर्व १०३, उत्तर उणे ६२ असं दे. १२१ येतात की नाही बघ.

स्क्रीनवर आणखी एक गंमत आहे. तिथे वाय खाली जाताना वाढतो, आणि शाळेत तो वर जाताना वाढायचा. हे कळल्या कळल्या माणसं घाबरून वायचं चिन्ह बदलतात. गरज नसते. सीएसएसचं रोटेटही घड्याळाच्या दिशेनेच वाढतं, कॅनव्हासचा आर्कही डिफॉल्ट तसाच फिरतो. स्क्रीनचे आकडे घेऊन स्क्रीनवरच फिरवायचं असेल, तर दोन्ही उलटेपणा एकमेकांना खाऊन टाकतात. अटॅन-टूने दिलेला कोन जसाच्या तसा लाव. चिन्ह कधी बदलायचं? कोनाचा आकडा माणसाला वाचायला दाखवायचा असेल तेव्हा. शाळकरी मुलांसाठी कोनमापकाचं पान केलंस आणि वरच्या बाजूला उणे ४५ छापलंस, तर गणिताच्या बाई फोन करतील.

मग चित्र मुळात कोणत्या दिशेला तोंड करून काढलंय ते बघ. शून्य कोनाला चित्राने उजवीकडे पाहायला हवं. डिझायनर लोक बाण नेहमी वर तोंड करून देतात, मग ९० अंश मिळवावे लागतात. हे ९० अंश कोडमध्ये दहा ठिकाणी पेरू नकोस. चित्रच उजवीकडे वळवून घे, कायमची कटकट मिटते.

बाण नीट वळत नसेल तर लक्षणांवरून रोग ओळखता येतो. बाण अर्ध्या वर्तुळात बरोबर आणि अर्ध्यात पाठमोरा असेल, तर कुणीतरी साधा अटॅन वापरलाय. एका घरपोच सेवेच्या नकाशावर मी हे पाहिलं होतं. पूर्वेकडे जाणाऱ्या स्कूटर्स झोकात जायच्या, पश्चिमेकडच्या सगळ्या रिव्हर्स गिअरमध्ये. बाण जागच्या जागी जेमतेम थरथरत असेल, तर रेडियनला अंश समजून लावलंय. अटॅन-टूचं उत्तर ३.१४ च्या पलीकडे जातच नाही, त्यामुळे बाण इकडे तीन आणि तिकडे तीन अंश हलतो. १८० ने गुणून पायने भाग, किंवा सरळ रॅड हे एकक लाव, सीएसएसला ते कळतं. आणि बाण आरशातल्यासारखा, कर्सर वर नेला की खाली आणि खाली नेला की वर जात असेल, तर वायचं चिन्ह कुणीतरी मघाशी सांगितलं तसं घाबरून बदललंय.

कर्सर नेमका मध्यावर आला तर? दोन्ही आकडे शून्य. शून्याला कसली आलीय दिशा. पण अटॅन-टू तक्रार करत नाही, गुपचूप शून्य परत देतो आणि बाण टुणकन उजवीकडे वळतो. मध्यापासून चार-पाच पिक्सेलच्या आत असताना नवा कोन घेऊच नये, जुनाच धरून ठेवावा.

आता जरा निवांत बस, कारण पुढच्या गोष्टीत माझा अख्खा गणेशोत्सव गेलाय.

बोटाने फिरवायची एक गोल तबकडी करायची होती. बोटाची जागा घ्यायची, मध्य वजा करायचा, अटॅन-टू, रोटेट. दहा मिनिटांचं काम. फिरवून बघितलं, छान. मग हालचाल मऊ दिसावी म्हणून ट्रान्झिशन लावलं, आणि डाव्या टोकाशी बोट गेलं की तबकडी गर्रकन उलटी पूर्ण फेरी मारायला लागली. कारण काय, तर बोट फक्त दोन अंश सरकलं होतं, पण कोन १७९ वरून उणे १७९ वर गेला होता. ब्राउझरला काय माहीत की हे शेजारी आहेत? त्याने प्रामाणिकपणे ३५८ अंशांचा प्रवास केला. मी आधी उणे कोनांत ३६० मिळवून पाहिले, तर तीच उडी डावीकडून उजवीकडे गेली, शून्य आणि ३६० च्या मध्ये. वर्तुळ कुठेतरी कापल्याशिवाय त्याची सरळ पट्टी होत नाही. कापायची जागा बदलली तरी काप राहतोच.

उपाय असा की कोनावर विसंबायचंच नाही, फरकावर विसंबायचं. नव्या कोनातून जुना वजा कर. फरक १८० हून मोठा निघाला तर ३६० वजा कर, उणे १८० हून लहान निघाला तर ३६० मिळव. हा सुधारलेला फरक एका चालत्या बेरजेत टाकत जा आणि तबकडीला ती बेरीज दे. बेरीज ३७० होऊ दे, ७२५ होऊ दे, सीएसएस कुरकुरत नाही. उलट तबकडी किती फेऱ्या फिरली हेही कळतं. अटॅन-टू स्वतःहून फेऱ्या कधीच मोजत नाही, त्याला दहा आणि तीनशे सत्तर सारखेच. आणि हे टक्क्याच्या चिन्हाने करायला जाशील तर सांभाळ. जावास्क्रिप्टमध्ये उणे १९० ला ३६० ने भागून बाकी काढली, तर उणे १९० च येते. घड्याळाच्या हिशेबात ती १७० यायला हवी.

हीच चूक सरासरीत वेष बदलून येते. वाऱ्याची दिशा एकदा ३५० अंश, एकदा १०. दोन्ही जवळजवळ उत्तरेचे वारे. बेरीज करून दोनाने भागलंस तर १८०, म्हणजे दक्षिणेचा वारा! प्रत्येक कोनाचा साइन आणि कोसाइन काढ, साइनांची बेरीज वेगळी, कोसाइनांची वेगळी, आणि शेवटी एकदाच अटॅन-टू. दोन्ही बेरजा शून्याच्या आसपास आल्या तर समजायचं की वारा चारही दिशांनी वाहतोय. तेव्हा स्क्रीनवर बाण नको, नुसता ठिपका दाखव.

आता कॉस इन्व्हर्स. हा दिसायला सज्जन आहे, पण माझा सगळ्यात लाजिरवाणा बग यानेच दिला. दोन दिशांमधला कोन काढायला पुस्तकं सांगतात की डॉट प्रॉडक्ट काढा, लांब्यांनी भागा, एकॉस लावा. पहिली अडचण म्हणजे एकॉस ० ते १८० मध्येच उत्तर देतो. वळण ३० अंशांचं आहे एवढं सांगेल, डावीकडे की उजवीकडे ते सांगणार नाही. त्यापेक्षा क्रॉस आणि डॉट दोन्ही काढून अटॅन-टूला दे, क्रॉस आधी. कोन चिन्हासकट येतो. स्क्रीनवर अधिक म्हणजे उजवीकडचं वळण.

दुसरी अडचण जास्त छुपी. आमच्याकडे एक पान होतं, पत्ता टाका आणि ५ किलोमीटरच्या आतली दुकानं बघा. अंतर काढायला गोलीय कोसाइनचा नियम, शेवटी एकॉस, गुणिले पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६३७१ किलोमीटर. महिनाभर सगळं सुरळीत. मग एका दुकानदाराचा फोन आला, "बाई, मी माझ्याच दुकानाचा पत्ता टाकला, तर माझंच दुकान दिसत नाही. शेजारच्याचं दिसतं." शेजारच्याचं दिसतं याचा राग जास्त होता. बघितलं तर अंतराच्या जागी नॅन, म्हणजे 'हा आकडाच नाही'. दोन्ही ठिकाणं एकच, म्हणजे कोसाइन बरोब्बर १ यायला हवा. पण दशांशांच्या कुरतडीत तो १.०००००००००००००००२ आला होता. एकच्या वरच्या कशाचाही कॉस इन्व्हर्स नसतो, म्हणून एकॉसने हात वर केले. आणि नॅन ५ पेक्षा लहान आहे का, याचं उत्तर नेहमी 'नाही'च. त्यामुळे सगळ्यात जवळचं दुकान यादीतून गळालं. सगळ्या अक्षांशांना हे होत नाही, काहींनाच होतं, म्हणून टेस्टिंगमध्ये पकडलं गेलं नाही.

तात्पुरता इलाज असा की एकॉस किंवा एसिनला आकडा देण्याआधी त्याला उणे एक आणि एकच्या मध्ये चेपून बसवायचं, एक मॅथ.मिन आणि एक मॅथ.मॅक्स. खरा इलाज म्हणजे सूत्रच बदलायचं. अगदी लहान कोनाचा कोसाइन १ ला इतका चिकटलेला असतो की त्यातून कोन परत मिळवणं अवघड. जावास्क्रिप्टच्या ६४ बिटांच्या आकड्यांत दहाएक सेंटिमीटरच्या आतलं सगळं एकच होऊन जातं, ते एक वेळ चालेल. पण तोच हिशोब वेबजीएलच्या शेडरमध्ये ३२ बिटांत केलास, तर दोनेक किलोमीटरच्या आतली गावं एकमेकांवर बसतील. म्हणून हॅवरसाइन वापरायचं. त्यात लहान अंतरासाठी लहानच आकडा येतो, कुणाला चिकटत नाही. शेवटी एसिन किंवा अटॅन-टू काढून त्याची दुप्पट, चव सारखीच.

हॅवरसाइन हे नाव ऐकून बिचकू नकोस, घरचंच आहे. वर्साइन म्हणजे एकमधून कोसाइन वजा. आपल्याकडे तिला उत्क्रमज्या म्हणतात आणि सूर्यसिद्धान्तात तिचे आकडे दिलेले आहेत. तिची अर्धी म्हणजे हॅवरसाइन. साइन हा शब्दही 'ज्या'चाच, अरबीतून लॅटिनमध्ये जाताना त्याचा घाट बदलला. आणि आर्कसाइनमधला आर्क म्हणजे चाप. ज्येवरून चाप काढणं हे आपल्या ज्योतिषगणितातलं रोजचं काम होतं. टॅन इन्व्हर्सची श्रेणी तर केरळात माधवाच्या परंपरेत युरोपच्या आधी मांडली गेली. शाळेच्या पुस्तकातलं 'व्यस्त त्रिकोणमितीय फल' मला कधीच आवडलं नाही, ते फळ कामात गढलेलं वाटतं. चाप म्हटलं की काय शोधतोय ते डोळ्यांपुढे येतं.

इतकी निंदा केली म्हणून साध्या अटॅनला वाळीत टाकू नकोस. उत्तर मुळातच उणे ९० ते ९० मध्ये असेल तिथे तोच योग्य. अक्षांश त्यातलाच. वेबवरच्या नकाशांच्या चौकोनी फरश्या असतात ना, त्यांच्या ओळीवरून अक्षांश काढायचा तर हायपरबोलिक साइन घेऊन त्यावर साधा अटॅन. पायच्या हायपरबोलिक साइनचा अटॅन किती येतो, काढून बघ: ८५.०५ अंश. जगाचा नकाशा ध्रुवाच्या अलीकडेच का संपतो हे तुला कुणी सांगितलं नसेल, तर ते या आकड्यामुळे. मर्केटरच्या १५६९ च्या पद्धतीत ध्रुव अनंतावर जातो, आणि नकाशा बरोब्बर चौरस व्हावा म्हणून तिथे कात्री लावलीय.

सीएसएसमध्येही आता एसिन, एकॉस, अटॅन, अटॅन-टू सगळे आले. मार्च २०२२ मध्ये सफारीत, डिसेंबरमध्ये फायरफॉक्समध्ये, मार्च २०२३ मध्ये क्रोममध्ये. तिथे उत्तर कोन म्हणूनच मिळतं, रेडियनची भानगड नाही. चौकटीच्या कर्णावर तिरकी पट्टी लावायची असेल तर स्क्रिप्टची एक ओळ लागत नाही. 

एक शेवटचं. मघाशी म्हटलं, एकॉसला आकडा चेपून द्यायचा. आंधळेपणाने नाही. परदेशातल्या मराठी लोकांसाठी एक दिनदर्शिकेचं पान केलं होतं, त्यात गाव निवडलं की सूर्योदय दिसायचा. सूर्योदयाचं गणित एकॉसवरच उभं आहे. अक्षांशाचा टॅन गुणिले सूर्याच्या क्रांतीचा टॅन, उणे चिन्ह लावून त्याचा एकॉस, की मध्यान्हापासून सूर्योदय किती अंश आधी ते मिळतं. १५ अंशांना एक तास. बारीक हिशोबात वातावरणातलं वक्रीभवन आणि सूर्यबिंबाची त्रिज्या मिळून ०.८३३ अंश धरतात. पुण्याला २१ जूनला हा कोन साधारण ९८ अंश, म्हणजे तेरा तासांच्या वरचा दिवस, आणि वक्रीभवन धरलं की आणखी थोडा. सगळं छान. मग कुणीतरी नॉर्वेतलं ट्रॉम्सो निवडलं आणि डिसेंबरच्या पानावर सूर्योदय छापून आला, 'नॅन:नॅन'.

माझ्या हाताखालच्या मुलाने माझाच तात्पुरता इलाज वापरला, आकडा एकवर चेपला. पानावर आलं, सूर्योदय दुपारी बारा, सूर्यास्त दुपारी बारा. त्याला वाटलं, दुरुस्त झालं! खरं तर तिथला आकडा १.१७ च्या आसपास होता. दशांशांच्या कुरतडीने एवढा फरक पडत नसतो. तो आकडा स्वच्छ सांगत होता की आज सूर्य उगवणारच नाही. जूनमध्ये तोच उणे १.१७ होतो आणि सांगतो की आज मावळणार नाही. पुन्हा साहेबांचंच, आधी चिन्ह बघ. म्हणून एकच्या पुढे अब्जांश सरकलेला आकडा असेल तर चेप, त्याहून जास्त असेल तर एकॉसपर्यंत जाऊच देऊ नकोस, चिन्ह बघून 'सूर्य उगवत नाही' किंवा 'मावळत नाही' असं शब्दांत लिही.

आम्ही तसं लिहिलं. दोन दिवसांनी त्याच ट्रॉम्सोहून विचारणा आली: तिथी सूर्योदयाची धरतात, मग इथे सूर्यच उगवत नाही तर आज एकादशी धरायची की द्वादशी? तो मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी ती मेल पंचांगकर्त्यांकडे पाठवून दिली आणि चहा टाकला.